कच्चा माल तिकडचा

माझ्या डब्यातल्या उडदाच्या डाळीचं गाव कुठलं, हे मला राव अण्णांनी सांगितलं. तोवर माझी समजूत अशी, की डाळ वाण्याकडे मिळते म्हणजे ती वाण्याचीच. हसू नका. सातवी शिकलेली बाई मी. पुढचं जे काय आलं ते यांनी रेल्वेच्या वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचून आणि लोकांचं बोलणं कान देऊन ऐकून आलं. आता टीव्हीवर आपल्या देशाच्या आणि त्या पूर्वेकडच्या देशांच्या गटाच्या व्यापार कराराची चर्चा लागली, की नातसून चॅनल बदलायला जाते आणि मी म्हणते, "थांब गं, ऐकू दे जरा." ती म्हणते, "आजी, तुम्हाला काय त्यात?" आता हिला काय सांगू. मला त्यात राव अण्णा दिसतात.

यांची बदली मद्रासला झाली, तेव्हापासून आम्ही मैलापुरात. तेव्हा ते मद्रासच होतं. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आम्ही आणि खाली राव अण्णा. नाव त्र्यंबकराव, पण गल्लीला ते 'राव सार'. तंजावरचे मराठी. मला इथे मराठी ऐकू येईल अशी आशाच नव्हती. सामान उतरवताना खाली एक गृहस्थ दूधवाल्याशी तमिळमधून भांडत होते. माझ्या हातातली कळशी बघून ते वळले आणि म्हणाले, "बैसा वैनी, उन्हांत कां उभ्या? म्यां पाणी देतो." मला वाटलं जुन्या बखरीतून कुणी उठून आलं की काय. शब्द पणजोबांच्या वेळचे आणि वाक्याचं शेपूट मात्र तमिळसारखं वर जाणारं. मध्येच 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, मध्येच 'अय्यो'. पहिले काही महिने मी त्यांचं बोलणं ऐकून आत जाऊन हसायची. ते पण माझं ऐकून हसत असावेत. एकदा म्हणालेच, "वैनी, तुम्ही रागावून बोलतां कां हो नेहमी?" आमचं साताऱ्याकडचं बोलणं. मी साखर मागितली तरी त्यांना ते भांडण वाटायचं.

त्यांची नोकरी होती बंदराजवळच्या एका निर्यातीच्या कार्यालयात. काम काय, ते मला कळायला फार दिवस लागले. त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वेकडच्या काही देशांनी मिळून एक गट केलाय. त्या गटाचा आणि आपला करार आहे, की एकमेकांच्या मालावर जकात कमी घ्यायची, काहींवर घ्यायचीच नाही. पण माल खरोखर आपलाच पाहिजे. कुठून तरी आणायचा, आपली चिठ्ठी चिकटवायची आणि पुढे ढकलायचा, असं चालत नाही. मग माल इथला हे सांगायचं कुणी? त्याचा एक दाखला असतो. तो देण्याआधी जे लोक तपासतात त्यांतले हे एक. "म्हणजे तुम्ही वस्तूंच्या जन्माचा दाखला देता," मी म्हटलं. ते इतके खूश झाले, की त्या दिवसापासून आल्यागेल्याला सांगायचे, "वरच्या वैनींनी म्हटलें, म्यां जन्माचा दाखला देणारा."

ही नोकरी त्यांच्या अंगात भिनली होती. कुणाच्याही घरी गेले, की बशी पालथी करून बघायचे. पंखा बघायचे, मुलांची खेळणी उलटी करायचे. लग्नात आहेराचा डबा हातात आला, की वर कुणाचं नाव आहे ते न बघता खाली काय छापलंय ते बघायचे. "नांव राहूं दे. जन्म सांगा," हे त्यांचं ठरलेलं. मी एकदा आमटी नेऊन दिली, तर वाटी नाकाशी धरून म्हणाले, "फक्कड. तूर बहुतेक ब्रह्मदेशची." मी म्हटलं, "अण्णा, तूर कोपऱ्यावरच्या चेट्टियार वाण्याची आहे." मग मला खाली बसवून त्यांनी सगळं सांगितलं. तूर आणि उडीद ब्रह्मदेशातून बोटीने इथल्या बंदरात कसा येतो, तळणीचं पामतेल मलेशियातून कसं येतं, आणि हे सगळे देश त्या एकाच गटातले कसे. समोरच्या घरातल्या जानकी मामी इडलीचं पीठ वाटता वाटता ऐकत होत्या. त्यांना अण्णा म्हणाले, "मामी, तुमची इडलीही ब्रह्मदेशची हो." मामी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी इडल्या पाठवल्या आणि निरोप दिला, की उडीद परदेशचा असेल, पण भिजत घालायला मीच पहाटे उठते.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "मामींनी कायदा सांगितला."

तो कायदा मला नीट कळला टी. नगरच्या साड्यांच्या बाजारात. त्यांच्या मुलीचं, वत्सलाचं लग्न ठरलं. आई नव्हती तिला, म्हणून शालू घ्यायला मी सोबत गेले. त्या गर्दीत आधीच घाम, त्यात दुकानदार एकावर एक साड्या उलगडतोय आणि अण्णा विचारतायत, "रेशीम कुठलें? जरतार कुठली? विणली कुठे?" वत्सला म्हणाली, "अप्पा, मला साडी घ्यायचीय. तपासणी ऑफिसात करा." दुकानदारही चिडला, म्हणाला, "सार, रेशीम चीनचं असेल, जरतार सुरतेची असेल. मग काय, ही कांचीची नव्हे का?" अण्णांनी साडीवर हात ठेवला. म्हणाले, "कांचीचीच. धागा कुठलाही असो, त्याची साडी जिथे झाली तिथली ती. म्यां फक्त तुम्ही खरें सांगतां का, तें पाहिलें." आणि घासाघीस न करता साडी घेतली. वत्सलाने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, मग माणसाचं काय? तुम्ही कुठले?" हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. आयटीत नोकरीला आलेली आपली पोरं गणपतीत भेटली, की विचारायचीच, "काका, तुम्ही मूळचे कुठले?" त्यांना जे उत्तर द्यायचे तेच मला दिलं.

"म्यां इथला वैनी. कच्चा माल तिकडचा."

आता त्यांच्या कडकपणाचं एक सांगते, नाही तर तुम्हाला वाटेल नुसते गमतीचे होते. एक मनुष्य रविवारी सकाळी घरी आला. हातात मिठाईचा मोठा डबा. मी तेव्हा खाली कढीपत्ता मागायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्याचा धंदा पिशव्यांचा होता म्हणे, पण पिशव्या शिवलेल्या येत होत्या भलतीकडून. हा इथे फक्त नावाची पट्टी बदलून पुढे पाठवणार. कागदावर इथल्या दाखवा, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी त्याला कॉफी दिली. तो बोलतोय, बोलतोय. अण्णा उठले, आत जाऊन वत्सलाच्या शाळेच्या वेळची, वहीवर चिकटवायची एक चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर आपलं नाव लिहिलं आणि मिठाईच्या डब्यावर दुकानाच्या नावावरच चिकटवली. म्हणाले, "आतां ही म्यां घरीं केलेली मिठाई. तुम्हांस देतो, घेऊन जा." त्या माणसाला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो डबा घेऊन गेला. मी म्हटलं, "अण्णा, निदान एक पेढा तरी काढून घ्यायचा." म्हणाले, "तूप कुठलें होतें कोण जाणे."

हे सगळं आधीचं. मला ज्यासाठी लिहायला बसावंसं वाटलं ते आमच्या मीनलचं.

मीनल माझ्या बहिणीची मुलगी. नवरा तांबरमच्या पलीकडे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. हिची पण कुठल्या तरी कंपनीत नोकरी होती, ती सोडून हिने तांबरमला बायकांचं एक काम सुरू केलं. कोरई म्हणून एक गवत असतं, आपल्या लव्हाळ्यासारखं. इकडे त्याच्या चटया विणतात. तशाच बारीक चटईच्या या बायका पिशव्या करायच्या. पत्र्याची एक शेड भाड्याने घेतलेली, तीत चटईचे माग, शिवणयंत्रं आणि या बायका. आधी इथल्याच दुकानांना माल जायचा. मग प्लॅस्टिकच्या स्वस्त नकला आल्या आणि दुकानदार फोन उचलेनासे झाले. शेडचं भाडं थकायला लागलं. तेवढ्यात मलेशियातल्या एका दुकानदारीण बाईंची मोठी मागणी आली. राहणाऱ्या तिकडच्या, पण मूळच्या तमिळच त्या. त्यांची अट एकच. कराराचा दाखला हवा. तो असला तर तिकडे जकात लागत नाही आणि भाव जमतो. नाही तर नको.

आणि दाखला नाकारला गेला. पिशवीच्या किमतीतला इथला भाग ठरलेल्यापेक्षा फार कमी भरतो, असं कळवलं.

मीनल माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. म्हणाली, "मावशी, हे गेलं तर या महिन्यात शेड बंद. मला दुसरी नोकरी मिळेल गं. सेल्वीअक्काला कोण देणार?"

सेल्वी त्या बायकांतली सगळ्यात मोठी. पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शिवायची, गुडघे गेल्यावर काढून टाकलेली. नवरा नाही, सून आणि नातू पदरात. तिची परिस्थिती मला ठाऊक होती.

अण्णा तेव्हा निवृत्त होऊन काही महिने झाले होते. मी मीनलला घेऊन खाली गेले. ते ओट्यावर बसले होते. "अण्णा, एका पिशवीला जन्माचा दाखला मिळत नाहीये," मी म्हटलं. त्यांनी लगेच चष्मा लावला. निवृत्त झाल्यापासून माणूस कसा कंटाळला होता, ते मी बघत होते.

त्यांनी पिशवी हातात घेतली. बाहेरून कुरवाळली. "सुंदर," म्हणाले. मग उलटी केली आणि आतलं बाहेर काढलं. आत गुलाबी चकचकीत अस्तर. धातूची साखळी, मोठी चेन, लोहचुंबकाचं बटण, मण्यांची लेस, आणि शिवाय प्रत्येक पिशवीला एक पुठ्ठ्याची छापील पेटी.

"हें सगळें कुठलें मा?" लेकीला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"पॅरीसच्या होलसेल बाजारातलं," मीनल म्हणाली. आता हे पॅरीस म्हणजे आपलं बंदराजवळचं, बरं का.

"जन्म सांग."

मीनलने मान खाली घातली. सगळं बाहेरून आलेलं. आणि त्या गटातल्या देशांतलं पण नाही, भलतीकडचंच.

"कां केलेंस असें?"

"अण्णा, बायकांनीच निवडलं. परदेशात पाठवायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आपलं खरबरीत कापड त्या लोकांना कसं द्यायचं. परदेशातल्या माणसाला परदेशातलं लावू या. मलाही तेच बरोबर वाटलं."

अण्णा इतके हसले, की जानकी मामी खिडकीत आल्या. "अय्यो. पाहुण्यांना त्यांच्याच बाजारचें वाढलेंत तुम्ही." मीनलही हसली, डोळे पुसत. म्हणाली, "मग अस्तर बदलते. चौकड्यांचं सुती लावते. काजाला लाकडी बटण, आणि चेन नकोच. मग होईल?"

"हिशेब आण पाहूं."

तिने मोबाइलवर दाखवला. गवत किती, रंग किती, अस्तर किती. अण्णांनी बोट खाली खाली नेलं आणि एका जागी थांबवलं. त्यांचा चेहराच बदलला.

"बायकांचें काम, किरकोळ. हें काय?"

मीनल म्हणाली, "ते तसंच आहे अण्णा, पहिल्यापासून. मंडळ म्हणून सुरू केलं ना. माल विकला, की खर्च वजा जाऊन जे उरेल ते सगळ्या वाटून घेतात. मीपण काही घेत नाही. घरचंच काम समजून करतात त्या."

"आणि उरलें नाहीं, तर?"

ती मोबाइलवरचा हिशेब पुन्हा वर-खाली करू लागली. खरं सांगू का, मला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. बायकांनी जमून पापड लाटले, मसाले केले, उरलं ते वाटून घेतलं, हेच आम्ही जन्मभर पाहिलेलं. हाताची किंमत धरायची असते, हे कुणाच्या मनातच येत नाही.

अण्णा म्हणाले, "उद्यां तांबरमला जाऊं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं लोकलने गेलो. शेडमध्ये बायकांनी त्यांना खुर्ची दिली, ते खुर्चीवर बसले नाहीत. सेल्वीच्या मागाशेजारी चटईवर बसले आणि म्हणाले, "एक पिशवी कर अम्मा. म्यां पाहतो." तिच्याशी ते तमिळ बोलत होते, मी आपलं मराठीत सांगते. सेल्वीने गवत भिजवून ठेवलेलं होतं. सुरीने काडी चिरणं, ती मागावर घालणं, ठोकणं. अण्णा बघत राहिले. चहा आला, गेला. आम्ही डबे खाल्ले. पुढ्यात तरी पिशवी अजून अर्धीच. सेल्वी म्हणाली, "सार, कंबर दुखेल तुमची. जा, मी संध्याकाळी पाठवून देते."

"माझी दुखतेय. तुझी?"

"माझी रोजची आहे."

मग त्यांनी विचारलं, "कारखान्यात असतीस, तर एवढ्या वेळाचं काय मिळालं असतं?" सेल्वीने आकडा ताबडतोब सांगितला, काडी चिरता चिरता. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

"मग इथे का नाही?"

"ती कंपनी होती सार. हे आपलं आहे."

"आपलं आहे म्हणून फुकट?"

सेल्वीने हात थांबवला. पहिल्यांदा थांबवला तिने हात. म्हणाली, "आपल्याच घरात स्वयंपाक केल्याचे कुणी पैसे मागतं का?" आणि मग स्वतःच जरा विचारात पडली, कारण बाकीच्यांपैकी कुणी हसलं नाही.

अण्णांनी मग सगळ्यांना समजावलं, ते फार सोपं करून. पिशवीच्या किमतीतला किती भाग या देशातला, ते ऑफिसवाल्यांना दाखवायचंय. गवत या देशातलं. कापड आता या देशातलं. आणि सगळ्यात मोठा भाग या देशातला आहे तो हा, म्हणून त्यांनी सेल्वीचा हात धरून वर केला. "हा तुम्ही धरलाच नाही. मग ऑफिसवाल्यांना पिशवी परकी वाटणार नाही, तर काय?"

मीनल हुशार पोरगी. पटकन म्हणाली, "कळलं अण्णा. मग कागदावर मजुरी कारखान्याच्या दराने लिहू. दाखला मिळतोय, झालं."

अण्णा चटईवरून उठले. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला त्यांना. मला वाटलं आता हे चालले. मराठीत म्हणाले, अगदी हळू, बायकांना कळू नये म्हणून, "लिहायची तर द्यायची. द्यायची नसेल, तर लिहूं नको. तो मिठाईवाला आणि तूं, मग फरक काय मा?"

मीनलचा चेहरा पडला. "अण्णा, दिली तर पिशवीचा भाव वाढतो. भाव वाढला, तर त्या बाई घेणार नाहीत. म्हणजे शेड बंदच. मी काय करू, सांगा तुम्ही." तिचंही खोटं नव्हतं. पोरीने स्वतःचे दागिने मोडून शिवणयंत्रं घेतली होती.

"जकात वाचणार ना त्यांची? ती वाचणार कुणाच्या हातामुळें? विचार त्यांस, अर्धी वांटून घ्या म्हण."

"मी कशी विचारू? त्या म्हणतील ठरलेला भाव वाढवला."

"तूं नको. हिला बोलूं दे," अण्णा म्हणाले आणि फोन सेल्वीकडे द्यायला लावला.

सेल्वी आधी घेईचना. पदराला हात पुसत बसली. शेवटी मीनलने फोन लावून त्याचा आवाज मोठा केला. पलीकडून त्या बाई तमिळमध्ये बोलल्या, इथल्यापेक्षा जरा वेगळं, पण तमिळच. सेल्वीने कुठेही अजिजी केली नाही. सरळ बाजारात बोलतात तसं. म्हणाली, "अम्मा, तुमची पिशवी मी करते. आतलं गुलाबी कापड काढून टाकतोय."

त्या म्हणाल्या, "बरं झालं. मी सांगणारच होते. त्याला वास येतो, आणि तसलं इथे गल्लोगल्ली मिळतं. मला तुमच्याकडचं हवंय."

शेडमधल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एवढ्या हौसेने निवडलेलं अस्तर.

"पण भाव वाढेल," सेल्वी म्हणाली.

"अस्तर स्वस्त झालं आणि भाव वाढेल?"

"आजवर माझी मजुरी धरली नव्हती. आता धरायची म्हणतात. नाही धरली, तर तुम्हाला तो कागद मिळत नाही. कागद नाही, तर जकात तुम्ही भरणार. ते पैसे तुमच्या सरकारला देण्यापेक्षा अर्धे मला द्या."

मीनल तर खाली बसली. मग त्या बाई हसल्या. म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?"

"इथे एक म्हातारे सार बसलेत. कॉफी पण मागत नाहीत, नुसतं बघत बसतात."

पुढे बराच वेळ ओढाताण झाली. बाई अर्ध्याला कबूल होईनात, सेल्वी खाली येईना. मध्ये त्यांनी विचारलं, पिशवी धुतली तर टिकेल का, आणि सेल्वी म्हणाली, "मी टिकलेय ना." शेवटी जमलं. सेल्वीला हवं होतं तितकं नाही, पण मजुरी मजुरीसारखी मिळेल एवढं जमलं. फोन बंद झाल्यावर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक बाई म्हणाली, "त्या चौकड्यांच्या कापडात निळं घेऊ या." झालं, सगळ्या निळं की लाल यावर बोलायला लागल्या.

कागदपत्र अण्णांनी मीनलकडूनच करून घेतले, स्वतः लिहिले नाहीत. ऑफिसात ओळख होती, तरी कुणाला फोन केला नाही. "त्यांनी तपासूं दे. चूक असली, तर काढतील." नवीन अधिकारी मुलगी आली, तिनेही सेल्वीला काम करायला लावलं, प्रश्न विचारले, आणि दाखला झाला. माल बोटीवर चढला त्या दिवशी मी अण्णांना सांगायला खाली गेले, तर ते आमच्या नव्या मिक्सरच्या खोक्यावरचं वाचत बसले होते. "हो का? बरें झालें," म्हणाले, आणि मला विचारलं, "वैनी, याची मोटर कुठली, तें लिहिलें नाहीं."

एवढ्या लांबच्या देशांनी टेबलाशी बसून काही कलमं लिहिली. त्यांच्या मनात काय असेल, बोटी, बंदरं, मोठमोठे कारखाने. आमच्या तांबरमच्या पत्र्याच्या शेडमधली सेल्वी त्यांच्या स्वप्नातही नसेल. ती त्या कलमांत कुठे बसते, हे हुडकून तिला तिथे बसवणारं कुणी तरी लागतं. आमच्याकडे राव अण्णा होते. त्या माणसाचे उपकार मी काय फेडणार.

पुढे ते वत्सलाकडे कोइमतूरला राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. मी जाऊ शकले नाही, माझेही गुडघे आता सेल्वीसारखेच. पण त्यांना शेवटचं पाहिलं ते तांबरमला. कोइमतूरला जायच्या आठवड्यात मीनलने त्यांना शेडवर बोलावलं होतं. दुसरी मागणी आली होती, बायका सत्कार करणार होत्या, शाल आणली होती. मी आणि ते गेलो, तर दारापर्यंत आवाज.

सेल्वी कमरेवर हात ठेवून उभी. "मॅडम, या वेळची पिशवी मोठी आहे. मागचा दर चालणार नाही."

मीनल लालबुंद. "अक्का, मागच्या महिन्यात तर वाढवला."

"ती पिशवी लहान होती."

"झाकण तेवढं वाढलंय."

"मग झाकण तुम्ही विणा."

मागच्या सगळ्या बायका सेल्वीच्या बाजूने एकदम बोलायला लागल्या. मीनलने आम्हाला बघितलं आणि तिला हायसं वाटलं. "अण्णा, तुम्हीच सांगा आता यांना. तुम्ही शिकवलंत, तुम्हीच निस्तरा."

सेल्वी पण वळली. "सांगा सार. मोठ्या पिशवीला जास्त नको?"

अण्णांनी दोघींकडे बघितलं. मी त्यांना आनंदलेले पुष्कळदा पाहिले होते, पण हे वेगळंच होतं. हातातली छत्री बगलेत मारली, चपला अजून पायातच होत्या. मला हळूच म्हणाले, "वैनी, शाल तुम्ही घ्या. म्यां इथे थांबलों, तर दोघींपैकीं एक गप्प बसेल."

आणि ते स्टेशनकडे चालू लागले. मी दारात उभी राहून बघत होते. पांढरा सदरा, जरा वाकलेली पाठ, कोपऱ्यावर रिक्षावाल्याने विचारलं त्याला नको म्हणून हात केला. आत मीनल म्हणत होती, "ठीक आहे, पण झाकणापुरतंच." सेल्वी म्हणत होती, "आधी बसा, मग बोलू."